वायोमिंग आणि दहावा माणूस

गिडियन झिराडकरचं बोट हवेत अडकलं ते अडकलंच.

माणसं मोजताना एक-दोन-तीन म्हणायचं नाही, ही त्यांच्यातली रीत. माणूस म्हणजे काय बटाटा आहे, असं त्याची आई म्हणायची. म्हणून ही बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू मंडळी दहा शब्दांचं एक हिब्रू वचन म्हणतात, माणशी एक शब्द. दहावा शब्द कुणाच्या तरी छातीवर पडला, की मिनियान झालं. म्हणजे प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष भरले. लंडनच्या टोकाला, इल्फर्डच्या त्या भाड्याच्या हॉलमध्ये, त्या रविवारी सकाळी, नववा शब्द पडला तो 'अद'. अद म्हणजे 'पर्यंत'. आणि बोटापुढे उरला नुसता रेडिएटर.

"रेडिएटरला मोज," लेव्हीकाका म्हणाले. "आपल्यातल्या दोघा-तिघांपेक्षा गरम आहे."

सगळे हसले. गिडियनही हसला, पण त्याचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. हॉल बारापर्यंतच त्यांचा. बारा वाजता झुंबाचा वर्ग. झुंबा शिकवणारी बाई अशी वक्तशीर, की एकदा 'आमेन' म्हणायच्या आत तिने स्पीकर चालू केला होता आणि लेव्हीकाकांनी उरलेली प्रार्थना ढोलाच्या तालावर पुरी केली होती.

आज गिडियनच्या आईचं वर्ष होतं. मुलाने उभं राहून तिच्या नावाने कद्दीशची प्रार्थना म्हणायची, आणि बाकीच्यांनी मध्ये मध्ये 'आमेन' म्हणायचं. दहा नसतील तर कद्दीश नाही. तिथी आजची, उद्या दहाच्या जागी शंभर जमले तरी उपयोग नाही.

दहावा माणूस म्हणजे गिडियनचा मुलगा लिऑर. तो रीडिंगला कॉम्प्युटर कंपनीत. त्याचा फोन आला तेव्हा गिडियनने तो स्पीकरवर टाकला, म्हणजे दोष आपल्यावर येऊ नये.

"डॅड, सॉरी. इंजिनिअरिंग वर्क्स चालू आहेत. ट्रेन कॅन्सल. मी रिप्लेसमेंट बसमध्ये आहे."

"कुठवर आलास?"

"मेडनहेड. म्हणजे बहुतेक मेडनहेड. ड्रायव्हरलाच रस्ता माहीत नाहीये, तो माझ्या फोनवर बघतोय. फोन ठेवतो हां, नाहीतर बस चुकेल."

"बसमध्ये बसून बस चुकते, असा पोरगा जन्माला घातलास," लेव्हीकाका म्हणाले. ते ब्याऐंशी वर्षांचे, आणि मंडळींचे हज्जान. म्हणजे प्रार्थना त्यांनी चालवायची.

पण कुणी फारसं घाबरलं नाही. गिडियन असताना दहाव्याची काळजी कोण करणार? इल्फर्डमध्ये असं म्हणतात, की गिडियनने रस्त्यावर उभं राहून नुसता नाकाने वास घेतला तरी ज्यू कुठल्या बसमध्ये बसलाय ते त्याला कळतं. एकदा त्याने दाताच्या डॉक्टरकडून माणूस उचलून आणला होता, अर्धा जबडा बधिर. त्याचं 'आमेन' जे निघालं ते ऐकून मागच्या रांगेतल्या बाईने त्याला पाणी दिलं. एकदा त्याने चुकून दोन दहावे आणले, आणि आपण अकरावा का म्हणून त्यातला एक रुसून निघून गेला. मग कळलं, की मुळात आठच होते. ही शेवटची गोष्ट गिडियन स्वतः सांगतो, तेव्हा ती अर्धी धरावी.

सत्तरीचा हा गिडियन तसा कुणाच्या नजरेत न भरणारा माणूस. नोकरी वीज कंपनीत, मीटर वाचायची. तीस वर्षं लोकांच्या जिन्याखालच्या कपाटांत डोकं घालून आकडे वाचले. इल्फर्ड, सेव्हन किंग्ज, गुडमेज, या सगळ्या भागात कुणाच्या जिन्याखाली काय दडलंय हे त्याला ठाऊक: झाडू, वाइनच्या बाटल्या, एका घरात तर नवरा. गुडमेजमधल्याच एका बाईने त्याला चहा देण्याऐवजी अमेरिकेच्या पश्चिमेवरचं एक जाडजूड पुस्तक दिलं. चहा पिऊन विसरला असता. पुस्तकाने मात्र त्याच्या मानगुटीवर बसून घेतलं. त्यातलं वायोमिंगचं प्रकरण तर त्याला असं पाठ झालं, की शायेन गावचा रस्ता त्याला रॉमफर्डच्या रस्त्यापेक्षा चांगला सांगता यायचा. तिकडे तो कधी गेला नव्हता.

वायोमिंगच का, याला कारण होतं. मुंबईहून आलेल्या या मूठभर मंडळींना स्वतःचं प्रार्थनालय नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांनी लंडनच्या एका मोठ्या सिनेगॉगला विचारलं होतं, आम्हाला तुमच्यात सामावून घ्या. तिथली माणसं सभ्य. येऊन बसली, पोह्यांचा मालिदा दोनदा मागून घेतला, रीतिरिवाजांबद्दल चार प्रश्न हळुवारपणे विचारले आणि 'कळवतो' म्हणून गेली. अजून कळवत होती. ही सगळी बोलणी गिडियनच्या हाती. तो म्हणायचा, "वायोमिंगसारखे आपण सध्या टेरिटरी आहोत. राज्य व्हायचंय."

तर बस मेडनहेडमध्ये आणि माणसं इल्फर्डमध्ये. वेळ काढायचा होता. लेव्हीकाकांची मुलगी नताली कपांत दूध ओतत होती. ती इल्फर्डमध्येच जन्मलेली, पंचेचाळिशीची, आणि तिचं मराठी एक पाय घसरत घसरत चालायचं.

"गिडियन अंकल, तो वायोमिंगचा स्टोरी सांग ना. लिऑर येतो तोपर्यंत."

गिडियनला एवढंच हवं होतं. तो रेडिएटरला पाठ लावून उभा राहिला.

"ऐका तर. साल अठराशे अडुसष्ट. रूळ टाकत टाकत रेल्वे पश्चिमेला निघालेली. जिथे रूळ थांबले तिथे तंबू. तंबूत दारू. दारूशेजारी न्हावी आणि न्हाव्याशेजारी प्रेतं पुरणारा. झालं गाव! तेच शायेन. वॉशिंग्टनवाल्यांनी नकाशावर चौकोन आखला आणि म्हणाले, ही घ्या वायोमिंग टेरिटरी."

"आणि मूळचे जे लोक होते तिथे?" मागून कुणीतरी विचारलं.

"त्यांना कुणी विचारलं नाही. ते त्या पुस्तकात पण चार ओळींत उरकलंय," गिडियन म्हणाला आणि जरा घाईने पुढे गेला. "तर टेरिटरी म्हणजे काय?"

"काय?" नतालीने विचारलं. तिला ठाऊक होतं. पण दर वेळी विचारायची, त्याला बरं वाटतं म्हणून.

"टेरिटरी म्हणजे घरात आलेली नवी सून. घर तुझंच म्हणायचं, पण किल्ल्या सासूकडे. गव्हर्नर वरून नेमून येणार. काँग्रेसमध्ये तुझा एक माणूस बसेल, बोलेल, घसा कोरडा करेल, पण मत? मत नाही द्यायचं. राज्य व्हायचंय? मग साठ हजार डोकी दाखव, घटना लिहून आण, मग बघू!"

"होते का डोकी?"

"कुठली! मैलोन् मैल हरणं. आणि सहा पुरुषांमागे एक बाई. मग त्यांनी जो दिसेल त्याला मोजायचा सपाटा लावला. हॉटेलात उतरलेला मोजला. गाडीच्या खिडकीत दिसलेला मोजला. शायेनमध्ये एक कुत्रं तीनदा मोजलं गेलं, तीन वेगवेगळ्या आडनावांनी."

कुत्रं गिडियनचं. मागच्या वर्षी ते दोनदाच मोजलं गेलं होतं.

"पण आता जे सांगतो ते शंभर टक्के खरं. टेरिटरी होऊन वर्ष-दीड वर्ष झालं नाही, तर त्या रानदांडग्यांनी बायकांना मताचा हक्क दिला. अठराशे एकोणसत्तर! इथे लंडनमध्ये तेव्हा बाईला विचारत होते का कोणी? काहींनी गव्हर्नरची फजिती करायला दिला, काहींनी मनापासून दिला, पण दिला. मग वीस वर्षांनी राज्य व्हायची वेळ आली, तर काँग्रेसवाले म्हणाले, बाकी सगळं छान, फक्त ते बायकांचं मत तेवढं काढा आणि या आत."

इथे गिडियन नेहमी थांबायचा. आजही थांबला. नतालीच्या हातातला दुधाचा जगही थांबला.

"आणि शायेनहून तार गेली, असं सांगतात. शंभर वर्षं बाहेर राहू! पण आमच्या बायकांना सोडून आत पाऊल टाकणार नाही!" त्याने रेडिएटरवर हात आपटला, तो पोळला, म्हणून तोच हात त्याने वर केला. "आणि घ्यावं लागलं आत! बायकांसकट! दहा जुलै अठराशे नव्वद, चव्वेचाळिसावं राज्य!"

टाळ्या पडल्या. आठ म्हाताऱ्यांनी आणि चार बायकांनी वाजवल्या तरी चांगल्या खणखणीत वाजल्या. गिडियनचे गाल लाल झाले होते. ती तार जणू त्यानेच पाठवली होती, पोस्टाचे पैसे खिशातून भरून.

"गिडू," दिनाताई म्हणाली. "मग मला मोज."

दिना त्याची थोरली बहीण, तीन वर्षांनी मोठी. बायकांच्या रांगेत पहिल्या खुर्चीवर बसली होती, मांडीवर स्टीलचा मोठा डबा. मालिदा तिनेच पहाटे उठून केलेला. ती हॉस्पिटलात नर्स होती. आईला काही आठवेनासं झालं तेव्हा मुदतीआधी नोकरी सोडून घरी बसली. गिडियन दर रविवारी जायचा, फुलं घेऊन.

गिडियन हसला. त्याला वाटलं, ताईने विनोद केला. तो चांगला मोठ्याने हसला, आणि हसून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की एकटाच हसलाय.

"ताई, तू पण ना!"

"हसू नकोस. एकच शब्द उरलाय ना? मी इथेच बसलेय. माझ्यावर टाक."

नताली जग ठेवून पुढे आली. "येस! का नाही? बाबा, का नाही?"

लेव्हीकाकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला नाही. "नियमाला विचाराल तर नियम नाही म्हणेल," ते सावकाश म्हणाले. "पण नियम काही आत्ता खोलीत नाही. मी आहे. आणि मला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बोट कुणावर पडलं ते मला या अंतरावरून दिसत नाही. शब्द मात्र ऐकू येतात. दहा ऐकू आले की मी सुरू करीन." त्यांनी मान गिडियनच्या दिशेने वळवली. "आई तुझी, कद्दीश तुझं. तू बोल."

असं दार आजवर कुणी गिडियनसाठी उघडून धरलं नव्हतं. लेव्हीकाकांसारखा माणूस, ज्याने पासष्ट वर्षांत एक अक्षर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही, तो चष्मा हातात धरून बसला होता.

गिडियनने इकडेतिकडे पाहिलं. त्याच्या डोक्यात ती मोठ्या सिनेगॉगची सभ्य माणसं येऊन बसली, हातात बशा घेऊन. त्यांचे ते चार हळुवार प्रश्न. तुमच्यात अमुक कसं करतात? आणि तमुक? तीन वर्षं त्याने त्यांना पटवलं होतं, की आम्ही अगदी तुमच्यासारखे. उद्या कुणी सांगितलं, की इल्फर्डचे हे लोक बायका मोजतात...

"त्यांना कळलं तर?" तो म्हणाला. 'त्यांना' म्हणजे कोणाला ते सगळ्यांना समजलं.

"कोण सांगणार?" नताली म्हणाली. "रेडिएटर?"

"तसं नाही गं. एवढं जवळ आलंय सगळं. आत्ता काही वेगळं केलं तर..."

"गिडू," दिनाताईचा आवाज चढला नव्हता. हॉस्पिटलात रात्रपाळीला बोलायचा असतो तसा होता. "तिकडच्या बायका काय फार गुणाच्या होत्या म्हणून नाही मोजल्या. माणसं कमी पडत होती म्हणून मोजल्या. तूच सांगतोस. तुझीही कमीच पडतायत."

एक-दोघे हसायला लागले आणि मध्येच थांबले.

"ताई, ते... तो इतिहास आहे."

"आणि हे?"

"हे..." गिडियन म्हणाला, "हे आपलं आहे."

वाक्य तोंडातून गेलं आणि त्याने ते हॉलभर फिरताना ऐकलं. इतक्या वर्षांत हजार बाता मारल्या, कुत्री मोजली, दहावे अकरावे केले. एकदाही कानशिलं अशी तापली नव्हती. आणि हे तर खोटंही नव्हतं.

नतालीने अगदी साध्या सुरात विचारलं, "पण अंकल, तू तर आत्ताच टाळ्या घेतला."

गिडियनने कोट उचलला. "मी बाहेर बघून येतो. कोणीतरी मिळेल."

"जा," दिनाताई म्हणाली. "मफलर घे. वारा आहे."

लेव्हीकाकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

बाहेर शेजारच्या शाळेच्या मैदानात कार बूट सेल लागला होता. गाड्यांची मागची झाकणं उघडून लोकांनी घरातली अडगळ मांडलेली. एरवी गिडियन अशा ठिकाणी बागडला असता. आज तो गाड्यांच्या रांगेतून खाली मान घालून चालला. मीटरवाला म्हणून ओळखणाऱ्या एकाने हाक मारली, "ऑल राइट, गिडियन?" त्याने मान हलवली. त्याला वाटलं, याला कळलंय. मग वाटलं, मेडनहेडच्या बस ड्रायव्हरलासुद्धा कळलं असेल.

परत फिरावं, बोट उचलावं, दहावा शब्द टाकावा. किती वेळ लागतो एका शब्दाला? दाराकडे दोन पावलं टाकलीदेखील. पण आता परत जायचं म्हणजे सगळ्यांदेखत जायचं. तो पुन्हा वळला.

नशीब असं खवचट, की याच दिवशी त्याला माणूस चटकन मिळाला. फुटबॉल क्लबचा मफलर गुंडाळलेला, साठीचा एक जाडजूड गोरा माणूस एका टेबलापाशी पितळी मेणबत्तीदान हातात घेऊन उभा होता. ते खाली ठेववत नव्हतं आणि विकतही घेववत नव्हतं.

"छान आहे," गिडियन सवयीने म्हणाला.

"माझ्या नॅनकडे अस्संच होतं, मेट," तो म्हणाला. "शुक्रवारी संध्याकाळी लावायची. का ते कधी कळलं नाही. डोळ्यांवर हात घ्यायची आणि पुटपुटायची."

शुक्रवारची ती मेणबत्ती म्हणजे ज्यू घरातली, शब्बाथची. "नॅन म्हणजे कुठली? आईची आई?"

"आईची. व्हाइटचॅपलची. का हो?"

त्याचं नाव टेरी. पाच मिनिटांत तो हॉलमध्ये होता, एका हातात मेणबत्तीदान आणि दुसऱ्या हातात जुनी लॅम्पशेड घेऊन.

"मला नेमकं करायचं काय?" टेरीने विचारलं.

"काही नाही," गिडियन म्हणाला. "उभं राहायचं. आम्ही आमेन म्हटलं की म्हणायचं."

"बस? एवढं तर मी करीन."

लेव्हीकाकांनी त्याला जवळ बोलावलं. "आजी आईकडून ना? नक्की आईकडून?"

"हंड्रेड पर्सेंट. माझ्या आईची आई."

"मग तू आपला," लेव्हीकाका म्हणाले. "आईमुळे." खोलीत कुणी कुणाकडे पाहिलं नाही. गिडियनने आपल्या बुटांच्या नाड्या पाहिल्या. त्या नीट बांधलेल्या होत्या.

टेरीला डोक्यावर घालायला टोपी दिली. त्याचं डोकं गुळगुळीत आणि टोपी जुनी. ती घसरून कानावर यायची, तो सावरायचा, की दुसऱ्या कानावर. कडेला थोडे केस होते तेवढेच. दिनाताई डबा खुर्चीवर ठेवून उठली. तिने आपल्या अंबाड्यातली एक पिन काढली, टेरीसमोर उभी राहिली आणि टोपीची कड त्या चार केसांना नीट टाचून दिली. पेशंटची पट्टी लावावी तशी.

"टोचत नाही ना?"

"नाही, लव्ह. थँक यू."

"आजीचं नाव काय होतं तुमच्या?"

"बेला."

"चांगलं नाव आहे," दिनाताई म्हणाली.

गिडियनने मोजलं. बोट माणसामाणसावरून गेलं, आणि दहावा शब्द टेरीच्या मफलरवर पडला. दारात झुंबावाली बाई स्पीकर घेऊन आली होती. घड्याळाकडे बघून तिने पाच बोटं दाखवली. लेव्हीकाकांनी घाईघाईत प्रार्थना त्या जागी आणून ठेवली आणि गिडियनला खूण केली.

कद्दीशच्या मधोमध एक अवघड जागा आहे. एकासारखे एक शब्द ओळीने येतात, जीभ त्यांत पाय अडकून पडते. आई गेल्यावर अकरा महिने गिडियन कद्दीश म्हणत आला होता आणि अकरा महिने तो तिथेच अडखळला होता. पण थांबला असा कधी नाही. तो अडखळायचा आणि मागून, बायकांच्या रांगेतून, पुढचा शब्द यायचा. हळू, जेमतेम त्याच्यापुरता. ताईला सगळं कद्दीश येत होतं, हे त्याला इतकं सवयीचं झालेलं, की ते तिला कसं काय येतं असा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

आजही तो तिथे आला आणि अडखळला. थांबला.

मागून शब्द आला नाही.

तो आणखी थांबला. टेरीला वाटलं आपली पाळी आली, म्हणून तो "आमेन" म्हणाला. गिडियनने मान वळवली. पहिल्या खुर्चीवर डबा होता. नुसता डबा.

शेवटी लेव्हीकाकांनी शब्द दिला, आणि गिडियनने उरलेलं वाचून दाखवल्यासारखं संपवलं. बाकीच्यांनी आमेन म्हटलं, आणि दहाव्याने सगळ्यांत मोठ्याने, एक क्षण उशिरा. आईचं वर्ष झालं. रीतसर झालं. कुणालाही विचारा, काहीही वेगळं झालं नव्हतं.

नतालीने गिडियनकडे न बघता डबा उघडला. पोहे, गूळ, खोवलेलं खोबरं, वर खजूर आणि सफरचंदाच्या फोडी. पहिली बशी पाहुण्याची, म्हणून टेरीची. "हे काय आहे, मेट? कमाल आहे हे!" तो म्हणाला आणि पुन्हा वाढून घेतलं. लेव्हीकाका त्याला पुढच्या महिन्याची तारीख सांगत होते. कुणीतरी लिऑरला फोन लावला. तो आता स्लाउला होता आणि बसमधल्या लोकांशी त्याची ओळख झाली होती.

गिडियनने एक बशी भरली. खोबरं जास्त घातलं, ताईला आवडतं म्हणून. मग सफरचंदाची फोड काढून दुसरी, बरी दिसणारी ठेवली. मग खजूर सरळ केला. एवढं करूनही वेळ फार गेला नाही, तेव्हा तो बशी घेऊन बाहेर आला.

तिची छोटी निळी गाडी भिंतीला लागून उभी होती. इंजिन बंद, काचा वर. दिनाताई ड्रायव्हरच्या जागेवर बसली होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोरच्या विटांवर. अंबाडा एका बाजूने सुटून मानेवर आला होता. तिचे ओठ हलत होते. त्याला वाटलं फोनवर बोलतेय. मग त्याला ते ओठ ओळखू आले.

आवाज येत नव्हता, पण कळत होतं ती कुठे आहे ते. ती अवघड जागा आली. तिचे ओठ तिथून गेले, एकेका शब्दाला पुरती जागा देऊन, कुठेही न अडकता.

आणि मग ती थांबली. का थांबली ते त्याला आधी समजलं नाही. विसरली की काय? मग समजलं. तिथे दहा जणांनी आमेन म्हणायचं असतं. ती त्यांच्यासाठी जागा सोडत होती. जेवढा वेळ दहा माणसांना आमेन म्हणायला लागतो तेवढा वेळ थांबून ती पुढे निघाली.

गिडियन बशी घेऊन उभा होता. काचेवर टकटक करायला हात मोकळा नव्हता असं नाही.

ती पुन्हा थांबली. त्याने तोंड उघडलं. आणि आधी मागे वळून पाहिलं, हॉलच्या दारात कुणी आहे का. झुंबावाली बाई स्पीकरची वायर सोडवत उभी होती. ती आत जाईपर्यंत तो थांबला.

"आमेन," तो म्हणाला.

तोवर ती पुढच्या ओळीवर गेली होती.